उदयसिंहाचा शर्ट

"काढा तो शर्ट!"

निशिगंधाचा आवाज एवढा चढला की दारात टेम्पो उभा करून आत आलेला म्हशींचा व्यापारी आकाराम जागच्या जागी थबकला, मथुरा म्हशीचा कासरा सोडायला वाकलेला उदयसिंह तसाच वाकून राहिला आणि चहा घेऊन येणाऱ्या सासूबाईंच्या, आक्कांच्या, हातातले कप खुळखुळले. लग्नाला अवघे बावीस दिवस झालेली सून, भर दिवसा, परक्या पावण्यासमोर नवऱ्याला शर्ट काढायला सांगते!...

"अगं बाई, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" आक्का कळवळल्या.

"माझं डोकंच तेवढं ठिकाणावर हाय आक्का! बाकी ह्या घरात काय बी ठिकाणावर न्हाय!"

आणि खोटं काय होतं त्यात? बावीस दिवस तिनं काढले होते ते तिचं तिला ठाऊक. उदयसिंह वाईट माणूस असता तर एकवेळ परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं; पण हा पडला भला माणूस, आणि भल्या माणसाच्या मुक्या दुःखाइतकं छळणारं दुसरं काही नसतं! आठ महिन्यांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशिनीनं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, कोपरापर्यंत हात फाडला, आणि पाठोपाठ ठरलेलं लग्नही मोडलं. तेव्हापासून तो पंजा खिशात, बाही मनगटापर्यंत बंद, आणि तोंड त्याहून बंद. निशिगंधानं बोलायला तोंड उघडलं की हा उठलाच. रात्री सोप्यात झोपायचा. आणि स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा... एका हातानं, आंघोळीला जाता जाता, तिच्या नजरेला पडायच्या आत!

"ठेवा की, मी धुतो," ती तीनदा म्हणाली. तीनदा उत्तर आलं, "ऱ्हाऊ दे."

तिला काय ते कळून चुकलं होतं. तिच्या डाव्या कानाखालून गळ्यावरून थेट कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. कुरुंदवाडला वडिलांच्या गुऱ्हाळात, बारा वर्षांची असताना, उकळत्या रसाच्या काहिलीशी पाय घसरला होता. आपला हा हात त्याच्या कपड्यांनासुद्धा नको, असं तिनं मनाशी धरलं, आणि त्या अपमानानं तिचं अंतःकरण रोज कणाकणानं जळत राहिलं.

त्यात ही मथुरा! उदयसिंहाच्या हाताखेरीज कुणाला धार देत नव्हती. एके काळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तिला उभी करून तो गिऱ्हाइकांच्या पेल्यात थेट फेसाळ धार सोडायचा. आता डाव्या हातानं तास लागायचा, म्हैस कंटाळून दूध चोरायची. आक्कांनी प्रयत्न केला तर लाथ बसून आठवडाभर अंथरुणात होत्या. शेवटी काल रात्री जेवताना उदयसिंहानं भिंतीकडं बघत निकाल दिला. मथुरा विकायची, आपण पुण्याला चुलत्याकडं वॉचमनची नोकरी धरायची, आणि निशिगंधाला कुरुंदवाडला कायमचं पोचवायचं. "तिची तरी सुटका हुईल."

सुटका! कुणी मागितली होती? ह्याला आपलं महात्मा व्हायचं वेड, आणि बायकोला कुणी विचारायचं नाही!

"शर्ट कशाला पायजे?" उदयसिंह आता पुटपुटला.

"घालायला! आमचं बाबा आजारी पडलं तवा आमची आई त्यांचा घामाचा शर्ट घालून म्हशी पिळत हुती. म्हशीला मानसाचा वास लागतो. बावीस दिवस मी तुमच्या एका मळक्या शर्टासाठी टपून बसलोय, आन तुमी धोबी असल्यागत धूत सुटलाय! आज सकाळपासनं तिच्या गळ्यात पडून रडलासा, हा एकच शर्ट कामाचा हाय. काढा!"

आकाराम फिसकन हसला. उदयसिंहाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. खिशातला हात आणखी खोल गेला.

"न्हाय. पावण्यासमोर... हात दिसंल."

एवढंच? एवढ्यासाठी हा माणूस घरदार मोडायला निघाला होता? तिचा संताप अनावर झाला, आणि त्या संतापाच्या तळाशी अशी काही करुणा दाटून आली की तिला राहवेना! गेल्या सतरा वर्षांत चारचौघांत एकदाही न ढळलेला गळ्याभोवतीचा पदर तिनं ओढून काढला आणि कमरेला खोचला. गळा, खांदा, कोपर... सगळं उन्हात उघडं पडलं.

"बघा! पोटभर बघा! पावणं, तुमी बी बघा. झालं? आता काढताय का मी काढू?"

आकारामनं मान खाली घातली. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. आणि उदयसिंहानं हळूहळू, एका हातानं बटणं सोडत, शर्ट उतरवला.

साडीवर तो घालून ती मथुराजवळ गेली. कास सकाळपासून तटतटलेली. मथुरानं पहिल्याच झटक्यात बादली उडवली.

"सोडा वैनी," आकाराम म्हणाला, "उगं हाडं मोडून घ्याल."

निशिगंधानं बादली उचलली. ही म्हैस गेली की हा माणूस गेला, आणि हा गेला की आपण पुन्हा माहेरच्या कोपऱ्यात, हे तिला लख्ख दिसत होतं. तिनं बाही मथुराच्या नाकाशी नेली. म्हशीनं हुंगलं, फुसकारलं, परत हुंगलं... आणि पाय स्थिर केले. निशिगंधानं कास धुतली, बोटं फिरवली, वाट पाहिली. आणि पान्हा सुटला! पत्र्याच्या बादलीत धारेचा आवाज घुमला तसा उदयसिंह लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला.

आकारामनं चहा संपवला, "टेम्पोचं भाडं अंगावर पडलं की हो," म्हणून कुरकुरला आणि निघून गेला.

"आता सांगा," ती भरल्या बादलीवर हात ठेवून म्हणाली, "माझा हात लागू नये म्हणून धूत हुता न्हवं कपडे?"

"तुझा हात?" तो थक्क झाला. "अगं, माझी घाण तुला कशाला, म्हणून... मीच तुझा गुन्हेगार हाय निशिगंधा! तुझ्या डागाचं मला आधीच सांगितलं हुतं. ही न्हाय म्हणणार न्हाय, म्हणून मी हो म्हटलं. तुझ्या अडचणीचा फायदा घेतला मी. त्या लाजंनं तुझ्याकडं बघवत न्हवतं... म्हणून परत सोडणार हुतो."

ते शब्द तिला लागले. फार लागले.

"मी बी तसंच हो म्हटलं हुतं," मग ती म्हणाली. "ह्यो बोटं गेलेला, ह्यो काय न्हाय म्हणतोय, असं."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मागं आक्का मोठ्यानं नाक ओढत होत्या.

"मग तो होकार धरू नका," ती म्हणाली. "आता तुमी मला बघितलंय, मी बी तुमाला बघितलंय. आता इचारा."

उघड्या हातानं, सगळं लपवणं विसरून, उदयसिंह तिच्यासमोर उभा राहिला. "ऱ्हाशील माझ्याजवळ?" त्यानं विचारलं.

होकार तिच्या ओठांवर आलाच होता. पण आजवर अकरा घरची माणसं तिच्या हातचे पोहे खाऊन, गळ्याकडं चोरून बघून, उंबऱ्यावर एकच शब्द टाकून गेली होती. आणि त्या एका शब्दापायी ती महिनोन्महिने फोनपाशी बसून राहिली होती. तिनं बादली उचलली आणि नवऱ्याला डोळे भरून पाहत, हसू दाबत म्हणाली,

"कळवतो."

आणि दूध तापवायला आत गेली. तो तिच्या मागोमाग येऊन स्वयंपाकघराच्या दारात उत्तरासाठी उभा राहिला, तेव्हा तिनं भांड्यात दोघांपुरता चहा टाकला होता.