आठवा ठिपका

भुकूममध्ये ऋषिकेशचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगाबद्दल त्याचं एक ठाम मत होतं: आपण सोडून सगळे बिनडोक. लवळ्याच्या होस्टेलांतली पोरं बिनडोक, त्यांचे मास्तर बिनडोक, आणि त्या गुरुवारी दुपारी काउंटरपाशी उभी असलेली सायली तर त्या सगळ्यांचा मेरुमणी.

"सुरू केला की कधी कधी स्क्रीन काळीच राहते," ती म्हणाली. "तुम्ही नवी स्क्रीन बसवलीत तेव्हापासून."

"कधी कधी म्हणजे? त्याचा मूड असेल तसं?"

नवी कसली डोंबलाची! मुळशीच्या तुळजाबाईंचा शंभू गेल्या वर्षी धरणात बुडाला, त्याच्या लॅपटॉपची होती ती. लेकाचे फोटो काढून द्या, म्हणून बाईंनी तो लुगड्यात गुंडाळून आणला होता. पासवर्डही सांगितला: त्यांचंच नाव, इंग्रजीत आठ अक्षरं. त्या गेल्यावर ऋषिकेश पोट धरून हसला होता. यंत्र रडतखडत चालत होतं, फोटो काढायचे तर अर्धा दिवस मोडला असता. त्याने सरळ डिस्क पुसली, सुटे भाग खणात टाकले आणि बाईंना सांगितलं, 'पुण्याला पाठवलाय, येईल.' त्या दर गुरुवारी एक तरी फोटो निघाला का म्हणून विचारायला यायच्या आणि हा दर गुरुवारी तेच सांगायचा. इतकी हलकी माणसं असतात, आणि त्यांची दुकानं झकास चालतात.

"मी मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं," सायली म्हणाली. "पुसट दिसतं. पण..."

"बॅकलाइट गेला की तसंच होतं. चित्र असतं, उजेड नसतो. पण काय?"

"लॉगिनला माझं नाव नसतं. 'शंभू' असतं. आणि पासवर्डच्या चौकटीत ठिपके. पहिल्यांदा एकच होता. स्क्रीन काळी झाली की दर वेळी एक वाढतो. सकाळी सात होते..."

ऋषिकेशची नजर सुट्या भागांच्या खणाकडे गेली. तोंड मात्र वाकडंच राहिलं. "मॅडम, स्क्रीनला आठवण नसते. आरशात कुणी मुक्कामाला राहतं का?"

त्याने मागचं झाकण उघडलं, डिस्प्लेची केबल काढून पुन्हा बसवली, बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीन काळी. त्याने दुकानातला मोठा मॉनिटर जोडला. त्यावर सायलीचं नाव, सायलीचा फोटो, रिकामी चौकट. सगळं ठीक.

मग त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि लॅपटॉपवर टॉर्च तिरका धरला.

शंभू. आणि सात ठिपके.

एकच यंत्र, आणि चित्रं दोन! असं होत नाही, होऊच शकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुकानात गाळाचा वास पसरत होता. बाहेरचं गटार तुंबलं असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"तुम्ही काही दाबलंत?" सायलीने हळूच विचारलं.

त्याचे दोन्ही हात टॉर्चवर होते. कीबोर्डवरचं 'आय'चं, पासवर्डातल्या शेवटच्या अक्षराचं, बटण एकटंच खाली गेलं आणि वर आलं. आठवा ठिपका उमटला.

तेवढ्यात शटरखालून वाकून तुळजाबाई आत आल्या.

"आलं का वो पुन्यास्नं? योक तरी फोटू?"

"नाही... अजून नाही, मावशी."

एंटरचं बटण खाली गेलं आणि स्क्रीन लख्ख उजळली. 'आई' नावाचं फोल्डर आपोआप उघडलं.

"काय लिवलंय, पोरी?"

"फोल्डर रिकामं आहे," सायलीने वाचलं.

बाण सरकला. 'गावाकडचे' उघडलं. रिकामं. 'आईचा वाढदिवस'. रिकामं. बाण पुन्हा 'आई'वर आला, ते पुन्हा उघडलं. ऋषिकेशने उघड्या झाकणातून बॅटरी ओढून काढली. चार्जर तर जोडलेलाच नव्हता. बाण चालतच राहिला... एकामागून एक फोल्डर उघडत, मिटत.

"मी पुसलं!" त्याचा आवाज चिरकला. "मावशी, पुण्याला काही गेलंच नाही. मीच पुसलं सगळं, त्याच दिवशी..."

तुळजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चपलेला लागलेल्या शेणाकडे बघावं तशा. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि स्क्रीनपुढे बसल्या.

"मला कशापायी सांगतुयास? त्यो शोधतुया न्हवं? त्याला सांग."

एरवी गिऱ्हाइकांची सालटी काढणारा ऋषिकेश स्क्रीनपुढे वाकला. "शंभू..." तो कसाबसा म्हणाला. "मी पुसलं रे..."

बाण थांबला.

मग उघडी फोल्डरं एकेक करून मिटली, आणि मोकळ्या जागेत एक नवं फोल्डर उमटलं. त्याच्याखाली एकेक अक्षर टाइप होत गेलं.

"काय लिवतुया?"

"ह्यांचं नाव," सायली म्हणाली. "ऋषिकेश."

फोल्डर उघडलं.

"ह्ये बी रिकामंच हाय का गं?"

सायली वाकून बघत होती. ती दोन पावलं मागे सरली, आणि तिने ऋषिकेशकडे बघायचं टाळलं.

"नाही, आजी," ती म्हणाली. "ह्यात आहे एक फोटो. ह्यांचा. पाण्याखालचा."