नकारचिठ्ठी

बार्शीत काशीद गुरुजींच्या घरी सकाळची आंघोळ झाली की घरच्या माणसांची हजेरी व्हायची. शाळा सुटून अठरा वर्षं झाली, पण सवय कुठली सुटायला! सहा वर्षांपूर्वी आठवण दगा देऊ लागली, तेव्हा मुलानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला 'सांगाती' नावाचं बोलकं यंत्र लावून दिलं. गुरुजींनी नाव उच्चारायचं, की ते माणूस कोण, आपलं काय लागतं, हे सांगाती घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगे.

त्या दिवशी मात्र समोर पाच वर्षांनी आलेली लेक बसली होती.

"आपण कोण, बाई? कुणाच्या पालक?"

"अप्पा, मी शलाका."

गुरुजींनी खिशाला विचारलं, "शलाका काशीद?"

"अशी नोंद नाही."

"नाही म्हणतोय हो," गुरुजी अगदी नम्रपणे म्हणाले. शलाकाला वाटलं, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं!

परवाच तिनं पुण्यातून सांगातीच्या माहितीच्या मोठ्या भांडारात स्वतःची नोंद घातली होती. मग हा नाही का म्हणतो? यंत्रांचे गाभे उघडणं हा तर तिचा रोजचा धंदा. दुपारी अप्पा झोपल्यावर तिनं सांगाती उघडला.

"काय दिसतंय, वन्सं?" भावजय रेश्मा शेजारी येऊन बसली.

"हे बघ, दर वेळी भांडार धुंडाळायचं म्हणजे वेळ जातो. म्हणून नेहमी विचारलेली नावं हा हाताशी ठेवतो. नाव आलं की अक्षरांवरून एक आकडा काढतो. आकडा जुळला तर नावाची लांबी बघतो, आणि तीही जुळली तरच अक्षराला अक्षर लावून बघतो."

"आणि नावच नसलं तर?"

"तर 'नाही' अशी चिठ्ठी हाताशी ठेवतो. पुढच्या वेळी शोधायलाच जात नाही. माझी नोंद मी परस्पर भांडारात घातली, ह्या बाबाला पत्ताच नाही!" शलाका हसली आणि एकदम थांबली. "पण ही चिठ्ठी जुनी आहे गं. पाच वर्षांची. कुणी विचारलं नाही, तर पंधरा दिवसांत झडून जाते."

रेश्मानं पदर सावरला. "झडंल कशी? सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही त्या बर्फात अडकलेल्या. अप्पांनी रागानं तुमचं नाव सांगातीच्या पटावरनं कमी करायला लावलं. आणि दुसऱ्या दिवसापासनं रोज हजेरीला तुमचंच नाव पहिलं!"

शलाकाला रडू आवरेना. अंटार्क्टिकाच्या तळावर हिवाळ्यात विमान उतरत नाही, हे तिनं तेव्हा फोनवर परोपरीनं सांगितलं होतं. अप्पांनी ऐकून घेतलं नव्हतं. चिठ्ठी पुसायला बोट उचललं आणि ती घाबरली. लेक आठवली, तर तो रागही आठवेल. आज निदान 'बाई' म्हणून गोड तरी बोलतात.

"पुसा हो वन्सं," रेश्मा म्हणाली. "रागावले तर रागावले. तुमच्यावरच रागावतील ना?"

तिनं पुसली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी खुर्चीत बसले, घसा साफ केला. "शलाका काशीद?"

सांगाती नेहमीपेक्षा क्षणभर उशिरा बोलला. "शलाका. तुमची मुलगी."

समोर बसलेल्या लेकीकडे गुरुजींनी बराच वेळ बघितलं. मग खिशाशी तोंड नेऊन, स्वतःच्या समजुतीनं अगदी हळू आवाजात, म्हणाले, "मी रोज विचारत होतो हे तिला सांगू नकोस बरं का. फार शेफारेल."

दारातल्या रेश्मानं तोंडावर पदर धरला. गुरुजींनी शलाकाचे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेऊन चोळले.

"फार गारठलीस का गं तिकडे?"

भांडारातल्या नोंदीत शलाकानं आपलं नाव आणि नातं, एवढंच लिहिलं होतं. बर्फाचा, थंडीचा तिथं एक शब्दही नव्हता. मग हे अप्पांना सांगितलं कुणी?