गाळा नंबर चौदाचा पंखा

नितेश, तो मोबाईल उलटा ठेव आधी. दिशा, गच्चीचं दार लोटून घे गं, जिन्यातला उजेड येतोय. हं. आता बसा गप्प.

भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली मी. भुताबितांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण सुबोधला मी ओळखतो. मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, दुसऱ्या माळ्यावर. लेझर कटिंगच्या मशीनी दुरुस्त करतो. खोटं बोलायला डोकं लागतं, ते त्याच्याकडे नाही. त्याने मला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

गेल्या श्रावणातली अंगारकी. बारा ऑगस्ट, मंगळवार. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चौदा नंबरचा गाळा आहे. चंद्रप्रकाश म्हणून शेठ आहे तिथे. मखरं, नावाच्या पाट्या, असलं काम चालतं. त्याचा दुपारी सुबोधला फोन. मशीनचा पंखा मधेच बंद पडतो, आजच बघून जा. सुबोधचा उपास होता, पण म्हणाला, चंद्रोदयापर्यंत काय हात बांधून बसायचंय? नाहूरहून बाईक काढली आणि साडेसातला तिथे हजर.

आता पंखा म्हणजे आपल्या डोक्यावरचा नव्हे रे. लेझरने लाकूड, प्लास्टिक कापलं की विषारी धूर होतो. तो ओढून पाइपातून बाहेर टाकायला मशीनच्या मागे पंखा असतो. आणि पंखा थांबला की मशीनही आपोआप थांबावं म्हणून आत एक स्विच असतो. एवढं ध्यानात ठेवा.

गाळा उघडा ठेवून अक्षता बसली होती. चोवीस-पंचवीसची पोर. तिची आई सुलक्षणाबाई त्याच मशीनवर अकरा वर्षं होती. मे महिन्यात एका सकाळी गाळा उघडला, तर बाई मशीनशेजारी पडलेली. रात्री एकटीच काम करत बसली होती. दमा होता म्हणाले. झालं, संपलं. तेव्हापासून मशीन बंद होतं. आता सीझन आला तसं शेठने पोरीला आईच्या जागेवर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती मशीनवर बसणार होती.

सुबोधने मशीनचं झाकण उचललं. आत मागच्या बाजूला जाळी असते, तिथून पंखा धूर ओढतो. त्या जाळीला एक दोरा बांधलेला. गजऱ्याचा. दोन सुकलेले देठ अजून त्यात अडकलेले.

"तो काढू नका दादा," अक्षता म्हणाली. "आईने बांधलाय. पंखा ओढत असला की सरळ राहतो, थांबला की लोंबतो."

"दोरा कशाला? पंखा थांबला की मशीन थांबतंच."

"आई म्हणायची, थांबत नाही."

सुबोधच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. मनाशी म्हणाला, शेठने काहीतरी लफडं करून ठेवलंय.

जाताना पोरीने त्याला डबा दिला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा. "मोदक आहेत. चंद्र दिसला की खा." दारात थांबली आणि म्हणाली, "दादा, मला त्या धुराची भीती वाटते. नीट बघाल ना?"

"बिनधास्त ये सकाळी," सुबोध म्हणाला. डबा त्याने हत्यारांच्या बॅगेत ठेवला, चेन लावली.

मग कामाला लागला. मीटर लावून बघितला, वीज बरोबर येत होती. पंखा चालू केला. दोरा सरळ. दहा मिनिटं झाली, पंखा कण्हायला लागला आणि थांबला. दोरा लोंबला. सुबोधने लाकडाचा तुकडा आत ठेवून बटण दाबलं.

लेझर चालला की! पंखा बंद, आणि मशीन खुशाल कापतंय. गाळाभर धूर.

त्याने मशीन बंद केलं आणि खिडकी उघडली. धूर जाईपर्यंत खोकत उभा राहिला. मग खिडकी लावून घेतली. पंखा खोलून टेबलावर घेतला. बेअरिंग गेलेलं. थंड असताना फिरायचं, गरम झालं की जाम. सव्वानऊ वाजून गेले होते, दुकानं बंद. शेठला मालाडला फोन लावला.

शेठ म्हणाला, "नवीन पंखा गुरुवारी येईल. तोवर मशीन चालतंय ना? मग झालं. दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवून भागवू."

बघा. आता तर त्याची खात्रीच झाली. त्या सुरक्षेच्या स्विचला वायर मारून शेठने मशीन डायरेक्ट केलंय, म्हणजे पंखा मेला तरी मशीनला तो चालूच वाटतो, आणि बाई त्यातच गेली. फोटो काढतो, अक्षताला दाखवतो, शेठला सोडत नाही. तणतणत त्याने बाजूचं पॅनेल उघडलं.

वायर होती. वीतभर, निळी. स्विचच्या दोन टोकांवर मारलेली. तिच्यावर पिवळी टेप, आणि टेपवर पेनाने तारीख. अकरा मार्च.

सुबोध खाली बसला.

कारण ही सवय त्याची होती. काम अडलं की मेकॅनिक लोक असा स्विच डायरेक्ट करून देतात, सगळेच करतात, मीपण केलंय. पण सुबोध त्यावर पिवळी टेप लावून तारीख घालतो. परत येऊन काढायची आठवण राहावी म्हणून.

परत तो गेलाच नव्हता.

बाईने तीनदा फोन केला होता. सुबोध, पंखा मधेच थांबतो रे, आणि मशीन थांबत नाही. आणि हा तीनदा म्हणाला होता, येतो उद्या. नंतर तेराव्याला जाऊन जेवूनही आला. आणि शेठकडे मात्र संशयाने बघत होता. म्हणजे बघा, माणूस स्वतःपासून किती लपवतो.

मग त्याने काय केलं? हे त्याने मला खाली मान घालून सांगितलं. त्याने टेप सोलली. फक्त टेप. चुरगळून खिशात टाकली. वायर राहू दे तशीच. कुणी मारली कुणाला कळणार? दोन दिवसांचा तर प्रश्न. गुरुवारी नवा पंखा बसवताना गुपचूप काढून टाकू. अक्षताला सांगू, खिडकी उघडी ठेव.

पॅनेल लावायला हात पुढे केला. तेव्हा झाकणातून आत नजर गेली.

दोरा सरळ होता.

पंखा टेबलावर. खोललेला. बेअरिंग वेगळं, पाती वेगळी. आणि दोरा... ताठ, जाळीच्या आत ओढलेला.

"काका, वारा असेल. त्या धुराच्या पाइपातून."

त्यालाही तेच वाटलं, दिशा. ऐक. त्याने पाइपात गोणपाट कोंबलं. घट्ट. दोरा सरळच. खिडकी बघितली. बंद. वाटलं, वॉचमन काहीतरी चाळे करतोय. शटर वर करून बाहेर बघितलं. लांबलचक पॅसेज. एक ट्यूब. कुणी नाही.

परत आला. मेनचा खटका पाडला. मशीन मेलं. मोबाईलची बॅटरी लावली.

दोरा सरळ.

मेकॅनिक माणूस तो. कुठली गोष्ट कशामुळे होते, हे बघितल्याशिवाय जाईल कसा? त्याने निळी वायर एका टोकाने काढली.

दोरा पडला.

परत लावली.

दोरा उठला. सावकाश... आणि ताणला.

काढली. पडला.

लावली...

या वेळी वास आला. जळक्या प्लास्टिकचा नाही. मोगऱ्याचा. अगदी कानामागे. कुणीतरी वाकून बघतंय, तो काय करतोय ते.

त्याने मागे बघितलं नाही.

 शेवटी बोलला.  "काढतो, बाई."

वास तसाच. दोरा सरळच.

"मीच मारली होती. काढतो."

कटरने वायर दोन्हीकडून कापली. कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोरा खाली आला आणि लोंबत राहिला. वासही गेला. मग खिशातली टेप काढली, सरळ केली, मशीनच्या झाकणावर चिकटवली आणि खाली मार्करने लिहिलं. पंखा येईपर्यंत मशीन लावायचं नाही. सुरक्षेचा स्विच मी डायरेक्ट केला होता. सुबोध.

नावासकट लिहिलं. सकाळी ते अक्षताच वाचणार, हे माहीत असून लिहिलं. शटर ओढलं, किल्ली वॉचमनला दिली, बाईक काढली. बॅग पाठीला. वाटेत कुठे थांबला नाही.

घरी पोचला तेव्हा दीड वाजलेला. चंद्र चांगला डोक्यावर आलेला. उपास सोडायचा राहिलाच होता. बॅगेची चेन उघडली, डबा काढला. झाकण घट्ट होतं, चमच्याने उचकटावं लागलं.

पाच मोदक. आणि त्यांच्यावर ती निळी वायर. दोन्ही टोकं कापलेली, गुंडाळी करून गजऱ्याच्या दोऱ्याने बांधलेली. दोऱ्यात मोगऱ्याचं एक फूल.

गुरुवारी त्याने नवा पंखा बसवला. पंख्याची पिन उपटून बघितली. मशीन जागच्या जागी थांबलं. अक्षताने दहा वेळा उपटून बघितली. त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही. आईचा दोरा जाळीला होता तिथेच होता, सुकलेल्या देठांसकट.

तो डबा त्याने परत केला. वायर ठेवली. परवा रविवारी मला दाखवली, बॅगेतून काढून. वर्ष होत आलं आता. मी चष्मा लावून बघितलं, नितेश. हातात घेऊन बघितलं.

फूल ओलं आहे.