कड्याला हात न लावता

माझी थोरली बहीण फुमिए जपानमधल्या ओतारू शहरात, कालव्यामागच्या गल्लीत कॉफीचं दुकान चालवते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी नवी घेतलेली जुनी फास्ट लेन्स कॅमेऱ्याला लावून तिच्याकडे गेलो. खिडकीपर्यंत बर्फ साचलं होतं. आत जेमतेम उजेड होता. फास्ट लेन्स कमी उजेडातही फोटो टिपते; ती पारखायला मला तसाच हवा होता.

"या, फोटोवाले," ताई म्हणाली. "गिऱ्हाईक नाही म्हणून माझ्यावर प्रयोग का रे?"

"मांजर एका जागी बसत नाही. तू बसतेस."

माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यातून बघताना मधोमध एक फिकट चौकोन दिसतो. त्यात वस्तू दुहेरी दिसते; लेन्सचं कडं फिरवून दोन्ही प्रतिमा एकीवर एक बसल्या की फोकस झाला. कप बसला. ॲप्रनचं बटण बसलं. ताईचा चेहरा मात्र बसेना. कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तरी ताई दोनच.

तरीही अंदाजाने फोटो काढले. घरी फिल्म धुतली. काही फोटोंत बटणाचा दोरासुद्धा मोजता येत होता. चेहरा एकाही फोटोत नव्हता. गळ्याच्या वर नुसता धुरकट डाग.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कुवाबाराने सगळं तपासलं. माझ्या तोंडावर फोकस धरला, लगेच बसला.

"यात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "असता तर कपही बसला नसता." मग कॅमेरा पुसत, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?"

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. ताई सायफनच्या काचेच्या भांड्यात कॉफी उकळत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"परत तेच? केस तरी विंचरू दे," ती हसली.

चौकोनातली एक ताई हसत होती. दुसरीचे ओठ मिटलेले होते. ती माझ्याकडे बघत होती.

मी कॅमेरा खाली घेतला. समोर एकटी ताई.

पुन्हा वर केला.

"ताई, जरा बोलू नकोस."

"का रे? काय झालं?"

पहिलीचेच ओठ हलले. दुसरी तिच्याकडे सरकू लागली. माझं बोट कड्यावर नव्हतं.

सावकाश, काठाला काठ लागत, दोघी एक झाल्या. माझ्या हातून कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

ताईने दुकानभर नजर फिरवली. खुर्च्या बघितल्या, दिवा बघितला. मग मला बघून वाकून नमस्कार केला.

"बसा ना. काय आणू आपल्याला?"

ती थट्टा करतेय असं वाटून मी हसलो. ती हसली नाही.

"ताई?"

तिने सायफनच्या उकळत्या काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि तसेच ठेवले.

"किती ऊब आहे इथं," ती म्हणाली.