तीन इंची स्क्रू

"दीड इंची पुरतील," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानात शुक्रवारची गर्दी, आणि त्या गर्दीत खांद्यावर पाइपचं वेटोळं घेतलेला एक उंच माणूस. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे तिचं लक्ष आधी डोळ्यांकडेच गेलं. हसरे होते.

"मला स्क्रू कशाला हवेत, हे तुम्हाला काय माहीत?"

"एक इंची फळ्या, प्लास्टिकची पिंपं, त्यांचा तराफा. आत्ताच सांगितलंत दुकानदाराला. सगळ्या दुकानाने ऐकलं."

"त्या तराफ्यावर माझे बाबा बसणार आहेत."

"बसू देत की. त्यांनाही खिळवून ठेवणार आहात का?"

ती हसली. पण तो बाहेर पडल्यावर तिने गुपचूप तीन इंचीच घेतले. स्वभावच तसा... गॅस बंद केला का, हे बघायला ती दोनदा जिना चढायची, आणि घोट्याच्या वर पाण्यात ती कधी उतरायची नाही. जितका लांब स्क्रू, तितकं पक्कं काम, असा तिचा साधा विचार होता. बाबा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचे ते उगाच नाही.

बाबांचं मात्र उलट. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या अंगात सुतार, गवंडी आणि कोळी असे तिघं एकदमच संचारले होते. तलावाकाठी दोन खोल्या आणि थोडी जमीन घेतली होती, आणि दर शनिवार-रविवारी आई, बाबा आणि ती अशा तिघांनी तिथे जाऊन काहीतरी स्वतःच्या हाताने करायचंच, असा त्यांचा दंडक होता. कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, त्याचं दार फक्त आतून उघडायचं. आता तराफा. त्यावर बसून बाबा मासे धरणार होते.

शनिवारी तराफ्याच्या फळ्या जोडता जोडता तिने मान वर केली, आणि हातातला स्क्रू खाली पडला. विहिरीवर नवा पंप बसवायला आलेला माणूस तोच होता.

"शेवटी कुठले घेतलेत?" त्याने पायरीवरूनच विचारलं.

"तुम्ही सांगितलेले," ती पटकन म्हणाली. का, ते तिलाही कळलं नाही. ऐकलं म्हटल्यावर तो कसा बघेल, ते बघायचं होतं बहुतेक.

तो बघत राहिला. "माझं कोणी ऐकत नाही सहसा."

"पंपाकडे बघा."

"बघतोच आहे," तो म्हणाला. पंप त्याच्या पाठीमागे होता.

दिवसभर ती खाली मान घालून फळ्या जोडत राहिली. पिंपं फळीवर फळी बसवून चौकटीत वरून-खालून आवळायची होती, आणि प्रत्येक स्क्रू तिने स्वतःच्या हाताने पिळला. पंपाचं काम एका दिवसाचं होतं, पण त्याने ते कसंबसं दुसऱ्या दिवसावर ढकललं. आई सगळं पाहत होती.

रविवारी सकाळी बाबा गळ आणि डबा घेऊन तराफ्यावर चढले. तराफा झोकात निघाला. आईने टाळ्या वाजवल्या. लेक मात्र काठावर येरझाऱ्या घालत राहिली.

अर्ध्या तासाने पंपवाला तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या एका हातात उरलेल्या फळीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात एक उरलेला तीन इंची स्क्रू. तो हसत नव्हता.

"फळीवर फळी, दोन इंच झाले," तो हळू म्हणाला. "मग तिसरा इंच कुठे गेला?"

तिने तलावाकडे पाहिलं. तराफ्याचा एक कोपरा पाण्याखाली गेला होता.

"पिंपात," ती म्हणाली.

"बाबा, परत फिरा... बाबा!" ती काठावरून हाका मारू लागली.

बाबांनी हात हलवला. गळाला काहीतरी मोठं लागलं होतं, आणि ते नेमके बुडत्या बाजूला वाकले होते. पंपवाल्याने विहिरीत उतरायची दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक तिच्या हातात दिलं आणि पाण्यात शिरला. तो जेमतेम पोहोचला, तोच तराफा उलटला. दोघंही दिसेनासे झाले.

आई धावत काठावर आली. लेकीच्या हातातली दोरी सैल पडली होती... ओढायची की नाही, कळेना. मग एका पिंपाशेजारी बाबांचं पांढरं डोकं वर आलं. त्यांनी पिंपाला मिठी मारली, खोकले, श्वास घेतला.

दुसरं डोकं येईना.

"अरे, कुठे आहेस तू?" ती ओरडली. "कुठे आहेस?" पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

दोरीला हिसका बसला. मग तो वर आला, फळ्यांच्या पलीकडून, आणि त्याने बाबांचं पिंप धरलं. मायलेकींनी दोघांना ओढून काठावर आणलं.

दुपारी बाबा चादर गुंडाळून मासा केवढा होता ते हाताने दाखवत होते. तिने रडत रडत स्क्रूचं सांगितलं. बाबा हात खाली घेऊन म्हणाले, "मी असतो तर चार इंची घेतले असते." त्यावर आईने त्यांची जी खरडपट्टी काढली, ती अंगणापर्यंत ऐकू येत होती.

तो अंगणात, पंपाच्या कट्ट्यावर बसला होता. ती शेजारी बसली.

"मी खोटं बोलले तुमच्याशी."

"हं. आणि मला अरे-तुरे केलंत."

"घाबरले होते."

"मग घाबरत जा अधूनमधून."

ती हसली नाही. "बाबांचं डोकं वर आलं, ते मला दिसलं. ते वाचले, हे कळलं. तरी माझा जीव ठिकाणावर आला नाही... मी तुम्हालाच शोधत होते. दोन दिवसांची तर ओळख आपली. मला याची फार भीती वाटतेय."

त्याची थट्टा एकदम संपली.

"मला धड पोहता येत नाही," तो म्हणाला. "विहिरीत उतरतो, ते दोरी बांधून."

ती त्याच्याकडे वळली. "मग गेलात कसे?"

"दोरी तुमच्या हातात होती."

आतून आईने चहाला हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण उठली नाही. तिने त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट. त्यानेही आपला दुसरा हात त्यावर ठेवला.