चाळीस मिनिटांची बॅटरी

या पानावरच्या बऱ्याच भुताच्या गोष्टींना मी हसलो आहे. ओसाड बंगला, अमावस्या, वळणावरचं झाड... वाचायचो आणि पुढे जायचो.

मी सांगतोय त्यात यातलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. दुकानात लख्ख उजेड, एसी चालू, आणि दहा फुटांवर कॅशियर ताई बिलांना पिना मारत बसलेली.

शपथ घेत नाही. माझ्या शब्दाची किंमत काय आहे ते पुढे कळेलच. फक्त एवढा विचार करा, की रचून सांगायचं असतं तर माणूस त्यात स्वतःला जरा तरी बरा दाखवतो.

मी लॅपटॉपच्या काउंटरला आहे. नऊ वर्षं झाली. आजूबाजूला चौदा लॅपटॉप उघडे मांडलेले असतात, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"एवढं बजेट आहे. यात सगळ्यात चांगला कोणता?"

आता धंद्यातलं सांगतो. गिऱ्हाईक सांगतं ते बजेट कधीच खरं नसतं. थोडं मागे राखून ठेवलेलं असतं. ते बाहेर काढायचं, हेच आमचं कसब. "थोडेसेच वाढवले तर..." एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. नवरा बायकोकडे बघतो, बायको नवऱ्याकडे. बघितलं की समजायचं, मासा गळाला लागला.

त्या मंगळवारच्या दोन-अडीच महिने आधी एक जोडपं आलं. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलंच नाही.

काका साठी ओलांडलेले. अंगाने दांडगे, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला. काकू काडीसारख्या, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. काका घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. तीस वर्षं तेच काम. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

"यांचा आवाज बाजाराच्या फाटकापासून ऐकू यायचा," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं घरात मला बोलायला फट मिळाली नाही. आता मैदान मोकळं आहे, तर मेली मजाच गेली बोलण्यातली."

काका हसले. नुसते खांदे हलले.

त्यांच्या भाच्याने एक प्रोग्राम शोधून दिला होता. टाइप करायचं, की लॅपटॉप ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवणार. मोबाइलवर काकांच्या जाड बोटाखाली एकदम तीन अक्षरं दाबली जायची. म्हणून लॅपटॉप हवा होता.

बजेट ठरलेलं होतं. मी माझा डाव टाकला. "काकू, थोडेसेच वाढवले तर..."

"बाळा, ऑपरेशनमधून उरलं ते सगळं यात आलं. आता वाढतं ते फक्त वय."

काकांनी खिशातली वही काढली. सावकाश लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

'तुझ्या बापासाठी घेतला असतास तो दे.'

त्या बजेटमध्ये माझ्याकडे दोन होते.

एक राखाडी. जड, ठोकळ्यासारखा. कोणी ढुंकून बघायचं नाही. पण आवाज खणखणीत, बटणं मोठी, आणि बॅटरी सात तास चालायची. काकांच्या मापानेच बनवलेला म्हणा ना.

दुसरा चंदेरी. दिसायला देखणा. अकरा महिने काउंटरवर डेमोला मांडलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो बडवून झाला होता. चार्जर काढला की चाळीस मिनिटांत डोळे मिटायचा. असा माल डेमो पीस आहे असं सांगून, कमी किमतीत द्यायचा असतो. आमच्या साहेबांनी तसले पाच पीस पुसून-बिसून नव्या खोक्यांत घातले, सील लावलं, आणि मला सांगितलं, "महिनाअखेर आहे. पाचही काढ. बोनस तुझा."

माझे चार काढून झाले होते.

"बॅटरी किती चालते?" काकूंनी विचारलं.

"सहा तास. आरामात."

"आणि नवाच ना?"

"सील तुमच्यासमोर फोडतो की."

मग मी काकांकडे बघितलं आणि म्हणालो, "माझ्या बाबांसाठी हाच घेतला असता, काका."

काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

बोनस मिळाला. त्याचे मी बूट घेतले. चांगले निघाले. लाज वाटते सांगायला, पण अजून तेच घालतो.

दोन-अडीच महिने गेले. मी विसरूनही गेलो होतो.

मग तो मंगळवार.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चौदा लॅपटॉपवर कंपन्यांच्या जाहिराती चालू होत्या. त्यांचं बारीक संगीत दिवसभर कानावर असतं, त्यामुळे ते ऐकूच येत नाही.

ते थांबलं, तेव्हा मात्र ऐकू आलं.

मग एसीची घरघर गेली. गार वारा अंगावर येत होता... पण त्याला आवाज नव्हता.

मग...

टिक.

टिक.

एका बोटाने कोणीतरी टाइप करत होतं. सावकाश. अक्षर शोधून शोधून.

मी वळलो. राखाडी लॅपटॉप. समोर कोणी नाही. आणि त्याची बटणं एकेक करून खाली जात होती... वर येत होती...

टिक थांबली. आणि आवाज आला. सपाट. ना बाईचा, ना पुरुषाचा.

"यात... सगळ्यात... चांगला... कोणता..."

त्या लॅपटॉपमध्ये असला काही प्रोग्राम नव्हता. इंटरनेटसुद्धा जोडलेलं नव्हतं.

"गिऱ्हाईक आलंय का रे?" मागून ताईने विचारलं. "कोणीतरी काहीतरी विचारलं ना आता?"

आमच्या दाराला घंटी आहे. ती वाजली नव्हती.

"कोणी नाही गं."

"मला वाटलं," म्हणत ती परत पिना मारायला लागली. जाहिराती चालू होत्या. एसी घरघरत होता.

दुकानातल्या रिपेअरवाल्याने चावटपणा केला असणार, असं ठरवून मी त्याच्यावर उखडलो. तो बिचारा तोंडात घास घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

बुधवार. सव्वातीन.

मी मुद्दाम लांब, प्रिंटरच्या रॅकजवळ उभा होतो.

संगीत गेलं. घरघर गेली.

टिक... टिक... टिक...

"बॅटरी... किती... चालते..."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"सहा तास. आरामात."

खरं सांगतो, मी ठरवून बोललो नाही. नऊ वर्षांची सवय. प्रश्न आला की उत्तर आपोआप येतं. भुताने विचारलं तरी.

चौदाच्या चौदा स्क्रीन एकदम काळ्या झाल्या.

दुकानात लाइट होती. ताईचा कॉम्प्युटर चालू होता. चौदाही लॅपटॉप चार्जरला लावलेले होते. रिपेअरवाल्याने बटणं दाबली, वायरी बदलल्या, शेवटी कपाळाला हात लावला. साहेब केबिनमधून दोनदा येऊन ओरडून गेले.

मग सगळे लॅपटॉप आपणहून चालू झाले.

मी घड्याळ बघितलं. चार वाजायला पाच मिनिटं कमी.

चाळीस मिनिटं.

मी मागे गोडाऊनमध्ये जाऊन एका खोक्यावर बसलो. कोण विचारत होतं ते मला कळलं होतं. ते गेलेत, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

ते गुरुवारी कळलं.

काकू एकट्याच आल्या. तीनच्या सुमाराला. हातात कापडी पिशवी. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, आधी चार्जर काढून बाजूला ठेवला, मग तो चंदेरी लॅपटॉप. स्वच्छ पुसलेला, चकचकीत.

"हे गेले रे," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवस झाले."

तोंडाचा तो पट्टा कुठे गेला होता कोण जाणे. एकेक वाक्य थांबून बोलत होत्या.

"तक्रार नाही हं माझी. लॅपटॉप चांगलाच दिलास तू. हे खूश होते. दोन महिने नुसते बोलत होते. एवढा आवाज ठेवायचे की शेजारचे यायचे."

मी मान खाली घालून ऐकत होतो.

"एरवी पलंगाशेजारी असायचा, वायर लावलेला. त्या दिवशी ऊन छान होतं, म्हणून हे गॅलरीत घेऊन बसले. सहा तास चालतो ना, म्हणाले. मी आत इस्त्री करत होते. मग हाक आली. अगं..."

त्या थांबल्या.

"ही आमची जुनीच गंमत. बाजारात तीनदा पुकारायची सवय, तशीच घरात. पहिल्या दोन हाका थट्टेच्या. तिसरी आली की खरं काम. मी कधी तिसरीशिवाय उठायचे नाही. त्या दिवशी दोन आल्या... तिसरी आली नाही. मी म्हटलं, लबाड कुठले. अर्ध्या तासाने गेले तर..."

ताईच्या पिना थांबल्या होत्या.

"बोट बटणावर होतं. पण स्क्रीन बंद. डॉक्टर म्हणाले, सव्वातीनच्या आसपास गेले असतील." काकूंनी लॅपटॉपवरून हात फिरवला. "मला एवढंच विचारायचंय. मी रोज रात्री चार्जिंगला लावायचे. आदल्या रात्रीही लावला होता असं आठवतं. पण नसेल लावला. हो ना? सहा तास चालणारा असा मध्येच कसा बंद पडेल? मीच विसरले असणार ना?"

त्या मला दोष देत नव्हत्या. मी जाणकार होतो, म्हणून विचारत होत्या.

एका वाक्याचं काम होतं. काकू, तुमची चूक नाही. बॅटरी मेलेलीच होती आणि मला ते माहीत होतं.

मी तोंड उघडलं. समोर केबिनच्या काचेतून साहेब बघत होते.

संगीत थांबलं.

माझ्या पाठीमागे...

टिक.

टिक.

"सांग... बाळा..."

काकूंचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. चेहरा असा झाला, की मला बघवेना.

"हा... हाच आवाज..."

"सगळ्या लॅपटॉपमध्ये हाच आवाज असतो, काकू," मी म्हणालो.

आणि मग तेही म्हणालो.

"हो. चार्जिंगच राहिलं असेल. होतं असं."

काकूंनी मान हलवली. दोन-तीनदा. निकाल ऐकल्यावर माणूस हलवतो तशी. रडल्या नाहीत. लॅपटॉप पिशवीत ठेवला आणि मला "थँक्यू बाळा" म्हणाल्या.

दाराची घंटी वाजली. त्या गेल्या. चार्जर काउंटरवरच राहिला.

त्यानंतर राखाडी लॅपटॉप बोलला नाही. मी रोज सव्वातीनला त्याच्यासमोर उभा राहायचो. जाहिरात चालू असायची. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता, नाही का?

मला झोप लागेना. बाबांनी नुसतं "काय रे, काय झालं?" विचारलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. माझ्याच बापाचं नाव घेऊन मी तो लॅपटॉप विकला होता.

पाच महिन्यांनी एकदा धीर करून बिलावरच्या नंबरला फोन लावला. सकाळची वेळ. निमित्त चार्जरचं. मनात वाक्य दहादा घोकलं होतं.

"काकू, तुमचा चार्जर दुकानात राहिलाय."

"असू दे," काकू म्हणाल्या. "आता लागत नाही."

"लॅपटॉप दिलात का कोणाला?"

"छे रे. इथेच आहे. गॅलरीत, यांच्या खुर्चीसमोर."

आवाज अगदी रोजचा होता. बोलण्यात जुना फणकाराही परत आला होता. मला बरं वाटलं. मी वाक्य बोलणार, एवढ्यात...

टिक.

फोनमध्ये. लांबून. टिक... टिक...

"काकू," मी म्हणालो, "घरी कोण आहे?"

"कोण असणार?" त्या म्हणाल्या. मग फोन जरा बाजूला धरून आत कोणाला तरी म्हणाल्या, "हो हो, विचारते. जरा दम धरा."

फोन परत कानाला लावला.

"हे विचारतायत, तू घरी कधी येणार? मला सांगायचं तुझं काहीतरी राहिलंय म्हणे."

मी लगेच म्हणालो, "येतो ना, काकू. या रविवारी."

त्यानंतर अकरा रविवार गेले. त्यांचं घर बसने वीस मिनिटांवर आहे. पत्ता बिलावर आहे. दर रविवारी मी चार्जर पिशवीत घालतो, स्टॉपवर जातो, दोन बस सोडतो आणि घरी येतो. घरी विचारलं तर गर्दी होती म्हणून सांगतो.

तिथे कोण टाइप करतं याची आता मला तेवढी भीती वाटत नाही. काकूंच्या तोंडाकडे बघून ते एक वाक्य बोलायची वाटते.

इथे ते लिहून टाकलं. पण काकू हे पान वाचत नाहीत. लॅपटॉप चार्जिंगला लावायला आपणच विसरलो, असंच त्या अजून समजतात.