विसाव्यावरचा डोंगा

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा भादवा. माझ्या तीन वर्षांच्या पोरीच्या अंगात चार दिवसांपासून ताप होता. मी आणि माझी बायको मनकर्णा तिला डोंग्यातून अहेरीच्या दवाखान्यात नेत होतो. प्राणहिता भरून वाहत होती, पण मी नावाडी, मला त्याचं विशेष नव्हतं.

दुपारी वारा सुटला, तसा डोंगा विसाव्याकडे वळवला. नदीच्या वळणाला खडकाआड पाणी संथ असतं, त्या जागेला आम्ही विसावा म्हणतो. काठावर हातपंप, टिनाची शेड आणि बायनाबाईचं चहाचं हॉटेल. जांभळीच्या मुळाला दोर बांधला. पोर ताडपत्रीखाली आईच्या मांडीवर निजली होती. तिला उठवायला नको म्हणून मी एकटाच गरम पाणी आणायला वर चढलो. वल्हं सवयीनं खांद्यावर घेतलं.

परत आलो तर मुळाला नुसता दोराचा तुकडा.

पाऊस इतका दाट की नदी दिसेना, फक्त तिची घरघर आणि चिखलाचा वास. मी हाका मारत काठानं धावलो. बायनाबाई मागून आली.

"खाली खडक हायेत, भाऊ..." ती पावसातून ओरडली.

मी काठावरूनच हाका मारत राहिलो. किती वेळ गेला, माहीत नाही. मग पावसातून डोंगा दिसला. धारेच्या उलट, सावकाश वर येत होता. मागच्या फळीवर कोणी नव्हतं. वल्हं तर माझ्याच हातात होतं. खडकाआड वळला आणि काठाला टेकला.

मी पाण्यात शिरून ताडपत्री उचलली. मनकर्णा निवांत बसली होती. पोरीच्या कपाळाला घाम फुटला होता, अंग गार लागत होतं. मला रडू आवरेना. बायनाबाईनं शेडमध्ये चूल पेटवली, चहा दिला. पोर वाटीभर दूध प्यायली अन् चार दिवसांनी पहिल्यांदा हसली. मला आणखी काही नको होतं.

दिवस मावळता मनकर्णा हळूच म्हणाली, "एक इचारू?"

"इचार ना."

"मी ताडपत्रीआड होते, दिसलं नाई... पण डोंगा वल्हवता वल्हवता तुमी मागून एकच बोलून राह्यले होते. 'आज नाई... आज नाई...' ते कोणाले सांगत होते?"